चार दाते वाढले, गुडघे वाचले

रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायरीवर चपला घालीत होतो. तेवढ्यात आमच्या वस्तीतील एक ताई लहान चाकांची, घडी होणारी सायकल ढकलीत आल्या. म्हणाल्या, "भाऊ, ही भंगारात घातली तर किती येतील हो?"

सायकल चांगली दिसत होती. रंग थोडा उडालेला, पण सांगाडा सरळ आणि चाके गोल. ताई ज्या सोसायटीत घरकामाला जातात, तेथील एक कुटुंब गाव सोडून चालले होते. जाताना त्यांनी ही सायकल ताईंना देऊन टाकली. दहा बाय बाराच्या खोलीत मोठी सायकल ठेवायला जागा नसते. ही घडी करून खाटेखाली जाते, त्यामुळे ताईंना आनंद झाला होता. दररोज रिक्षाला जाऊन-येऊन चाळीस रुपये लागतात. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर एक हजार चाळीस रुपये. थोरली मुलगी नववीत आहे. त्या पैशात तिच्या शिकवणीची सोय होईल, असा ताईंचा हिशेब होता.

पण आठ दिवसांतच तो हिशेब मोडला. आम्ही राहतो त्या पिंपरी-चिंचवडच्या वस्तीतून सोसायट्यांकडे जाताना रेल्वेवरचा उड्डाणपूल लागतो. त्या चढावर सायकल पुढेच जाईना. उभे राहून जोर लावला तर गुडघ्यात कळ यायची. घरोघर फरशी पुसून ते गुडघे आधीच दुखावलेले. शेवटी ताई पूल पायी चढू लागल्या. उशीर झाला म्हणून एका घरी बोलणी खावी लागली. गल्लीतील पोरे हसून म्हणाली, "मावशी, लहान पोराची सायकल घेतली तर असंच होणार."

आम्ही म्हणालो, "ताई, भंगारात देऊ नका. आठ दिवस थांबा." वाचकहो, त्या आठ दिवसांत आम्ही काय केले, कोठे चुकलो आणि शेवटी काय जमले, ते येथे मांडीत आहोत. सायकल ही आजही आपल्या घरातील अनेकांची गाडी आहे. ती जड चालते म्हणून कोपऱ्यात पडून राहणे आपल्याला परवडणारे नाही.

आधी बिनखर्चाचे उपाय

सायकल जड वाटली की दुकानात धावू नये. आधी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट हवा. टायरच्या बाजूला किती हवा भरावी ते छापलेले असते. लहान चाकात हवा कमी असली तर सायकल फार जड चालते. ताईंच्या सायकलीचा मागचा टायर अंगठ्याने सहज दबत होता.

दुसरी गोष्ट सीटची उंची. पडण्याच्या भीतीने आपल्या माता-भगिनी सीट अगदी खाली ठेवतात. मग गुडघा सारखा वाकलेला राहतो आणि सगळा भार त्याच्यावर येतो. योग्य उंची ठरविण्याची रीत सोपी आहे. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसावे आणि टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली न्यावे. त्या वेळी पाय सरळ झाला पाहिजे. चालविताना चवडा पायडलवर असतो, त्यामुळे गुडघा थोडाच वाकलेला राहतो. मात्र घडीच्या सायकलीचा सीटचा दांडा लांब असतो आणि त्यावर एक खूण असते. ती खूण दिसेल इतका दांडा वर काढू नये, नाही तर तो वाकतो किंवा मोडतो.

तिसरी गोष्ट चेन. कोरडी, गंजलेली चेन ताकद खाते. फडक्याने पुसून दोन-चार थेंब तेल सोडावे आणि वरचे तेल पुन्हा पुसून घ्यावे. तेल चिकट राहिले तर धूळ बसते.

चौथी गोष्ट ब्रेक. चाक उचलून हाताने फिरवावे. ब्रेकचे रबर रिमला घासत असेल तर चढ नसतानाही चढ चढल्यासारखे वाटते.

या चार गोष्टी आम्ही विहाराच्या अंगणातच केल्या. एक रुपया लागला नाही. सपाट रस्त्यावर ताईंची निम्मी तक्रार गेली. पूल मात्र राहिला.

लहान चाकाची बदनामी

"चाक लहान, म्हणून सायकल जड" हा समज सगळीकडे आहे, पण तो खरा नाही. पायाला किती जोर लागेल हे तीन गोष्टींवर ठरते : चाकाची उंची, पुढच्या चेनव्हीलचे दाते आणि मागच्या फ्रीव्हीलचे दाते. आपले सायकलवाले फ्रीव्हीलला 'फ्रायवील' म्हणतात.

हिशेब त्रैराशिकाइतका सोपा आहे. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाची उंची इंचात. येणारा आकडा जितका मोठा, तितकी सायकल एका फेऱ्यात लांब जाते आणि तितकाच जोर जास्त लागतो. आकडा लहान असला की जोर कमी, पण पाय जास्त वेळा फिरवावे लागतात.

आपल्या वडिलांची २८ इंची काळी सायकल आठवा. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले तर आकडा येतो ६८. ताईंच्या सायकलीचे दाते आम्ही खडूने खुणा करून मोजले. पुढे ४८, मागे १६ आणि चाक २० इंची. ४८ भागिले १६ म्हणजे ३. तीनदा वीस म्हणजे ६०. म्हणजे ही सायकल वडिलांच्या सायकलीपेक्षा हलकीच होती! लहान चाकामुळे सायकल मागे पडू नये म्हणून बनविणारे पुढे मोठे चेनव्हील आणि मागे छोटे फ्रीव्हील बसवितात. सपाट रस्त्याला ते ठीक असते. पण ज्याच्या वाटेवर पूल आहे, कॅरिअरवर पिशवी आहे आणि गुडघ्यात दुखणे आहे, त्याला साठाचा आकडाही जड पडतो. सायकल बनविणाऱ्याने आपला पूल पाहिलेला नसतो. तो हिशेब आपल्यालाच करावा लागतो.

लहान चाकाची सायकल हा मोठ्यांचा खेळ नव्हे. इंग्लंडमध्ये अॅलेक्स मोल्टन नावाच्या इंजिनिअरने १९६२ साली लहान चाकांची सायकल बाजारात आणली, ती मोठ्या माणसांसाठीच. पुढे लंडनची ब्रॉम्प्टन आली, तीही घडी करून आगगाडीत नेता यावी अशी.

आकड्यांची पाटी

ताईंच्या नववीतल्या मुलीला आम्ही विहाराच्या अभ्यासिकेत बसविले आणि म्हणालो, "पुढचे ४८ दाते तसेच ठेव. मागचे बदलून आकडे काढ." तिने पाटीवर मांडले :

मागे १६ दाते : आकडा ६०. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ४.८ मीटर जाते.

मागे १८ दाते : आकडा ५३. सुमारे ४.३ मीटर.

मागे २० दाते : आकडा ४८. सुमारे ३.८ मीटर.

मागे २२ दाते : आकडा ४४. सुमारे ३.५ मीटर.

मग तिने स्वतःच विचारले, "काका, १६ चे २० केले तर जोर पाचाचा चार होतो ना?" अगदी बरोबर. जेथे पायाला पाच किलोचा जोर लागत होता, तेथे चार किलो लागेल. पण फुकट काही मिळत नाही. जेथे चार फेरे लागत, तेथे पाच लागतील. पुलावर चढण्याचे काम तेवढेच राहते, ते फक्त लहान लहान घासांत वाटले जाते. गुडघ्याला नेमके तेच हवे असते.

पुढचे चेनव्हील लहान करूनही हेच साधते. पण स्वस्त सायकलीत ते क्रँकला कायमचे जोडलेले असते, म्हणून क्रँकसह बदलावे लागते. फ्रीव्हील बदलणे स्वस्त. "गियरच का बसवू नये?" असेही एकाने विचारले. बिनगियरच्या सायकलीला गियर बसवायचे तर मागचा हब, चेन, गियर बदलणारा हात, वायर असे सगळेच नवे लागते. तो खर्च फ्रीव्हील बदलण्यापेक्षा पुष्कळ जास्त होतो.

ज्यांच्या सायकलीला आधीच गियर आहेत त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे : मागची मोठी चकती म्हणजे हलका गियर. चढ लागण्याच्या आधीच, पाय हलके फिरत असताना गियर टाकावा. मध्य चढावर जोर लावून टाकला तर चेन उतरते.

आमची चूक

आता आमची चूक सांगतो, कारण ती ताईंना भोवली.

आम्ही कारकून माणूस. पाटीवरचे आकडे पाहून वाटले, अठरा-वीस कशाला, एकदम बावीस टाकू. दुकानातून २२ दात्यांचे फ्रीव्हील आणून बसवून घेतले. चेन जुनीच ठेवली. चेन पुरेना, म्हणून चाक पुढे सरकवून बसविले. सायकल चालली आणि आम्ही खूश झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाच्या चढावर मागचे चाक खाचेत सरकून तिरके झाले आणि ताई पडल्या. कोपर सोलवटले. मागून गाडी येत नव्हती म्हणून निभावले. संध्याकाळी आम्ही त्यांच्या दारात गेलो तेव्हा मान वर होत नव्हती. ताईच म्हणाल्या, "भाऊ, चहा घ्या. तुम्ही काय मुद्दाम केलं का?"

नंतर हिशेब मांडला तेव्हा चूक दिसली. चेनचा एक सांधा अर्धा इंचाचा असतो. मागे दोन दाते वाढले की चेन एका सांध्याने, म्हणजे अर्ध्या इंचाने कमी पडते. सहा दाते वाढविले म्हणजे दीड इंच कमी. चेन वर आणि खाली अशी दोन्हींकडून जाते, म्हणून चाक त्याच्या निम्मे, म्हणजे पाऊण इंच पुढे आले. त्या सायकलीची खाच पुढच्या बाजूला उघडी होती. पाऊण इंच पुढे आल्यावर आस खाचेच्या अगदी तोंडाशी राहिला आणि जोर लागताच सुटला. दात्यांचा हिशेब आम्ही केला, चेनचा केलाच नाही. हिशेबातील एक ओळ राहिली, तर ऑफिसात खाते जुळत नाही. येथे माणूस पडले.

बरोबर रीत

दुसऱ्या खेपेला आम्ही सायकलच्या कामातील एका जुन्या कारागिरांना विहारात बोलाविले आणि त्यांच्या हाताखाली बसून काम केले. ते क्रमाने देतो.

१. फ्रीव्हील २० दात्यांचे घेतले. बावीसवर ताईंचे पाय सपाट रस्त्यावर फार भरभर फिरत होते. पूल लहान आणि सपाट रस्ता जास्त असेल तर मधला आकडा बरा. पूर्ण चढाचा रस्ता असेल तर बावीस घ्यावे.

२. चेन नवी घेतली. जुनी चेन मोजायची रीत अशी : पट्टीने २४ सांधे मोजावेत. नव्या चेनमध्ये ते बरोबर १२ इंच भरतात. एक दोरा जास्त, म्हणजे सव्वा बारा नव्हे तर बारा आणि इंचाचा आठवा भाग भरला, की चेन संपली समजावे. तशी चेन नव्या दात्यांवर घसरते. घेताना जाडी पाहून घ्यावी. बिनगियरची चेन रुंद असते आणि गियरची अरुंद.

३. नवी चेन जुन्या लांबीपेक्षा दोन सांधे, म्हणजे एक इंच लांब ठेवली. चार दाते वाढले म्हणून एक इंच. त्यामुळे चाक पहिल्या जागीच, खाचेत खोल बसले.

४. जुने फ्रीव्हील काढताना त्याच्या खाचांत बसणारी चावी लागते. चावी घसरू नये म्हणून वरून आसाचा नट हलका आवळायचा, चावी व्हाइसमध्ये पकडायची आणि वरून चाक दोन्ही हातांनी डावीकडे फिरवायचे. पायडल मारून मारून फ्रीव्हील घट्ट बसलेले असते, त्यामुळे जोर लागतो. सैल होताच नट काढावा. नवे फ्रीव्हील आट्यांना ग्रीस लावून हातानेच सरळ फिरवीत बसवावे. आटे तिरके गेले तर हब वाया जातो. ते ठोकून आवळायची गरज नाही, पायडल मारले की आपोआप आवळते.

५. चेनला क्लिपचे लॉक असेल तर क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला असावी. उलटी बसली तर घासून सुटते.

६. शेवटी चाक दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर आहे का, नट घट्ट आहेत का, ब्रेकचे रबर रिमवरच येते का, हे पाहायचे. घडीच्या सायकलीत सांध्याची पकड आणि कडी रोज बसण्याआधी हाताने तपासायची.

चेन किती ताणावी, यावर मात्र तेथे वाद झाला. एक तरुण म्हणाला, घट्ट ताणा. दुसरा म्हणाला, सैल ठेवा, हलकी चालेल. तेव्हा आम्हाला सोण भिक्खूची गोष्ट आठवली. श्रीमंत घरातून आलेला हा सोण राजगृहाजवळच्या सीतवनात इतकी कठोर साधना करू लागला की चालून चालून त्याचे पाय रक्ताळले. तो निराश झाला तेव्हा भगवंतांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण करून दिली. तार फार ताणली तर नीट वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. विहारात ही गोष्ट आपण कितीदा ऐकली असेल. कारागीर हसून म्हणाले, "मग तेच करा. चेनच्या मध्यावर बोटाने दाबा, वर-खाली मिळून अर्धा इंच हलली की झालं." फार ताणलेली चेन छर्रे आणि दाते खाते, फार सैल चेन उतरते.

हलके करण्यात लाज कसली?

सायकल चालू लागल्यावर गल्लीत चर्चा झाली. एक जण म्हणाला, "बायकांसाठी हलकी केली. आमच्या पायात ताकद आहे." ही बढाई नवी नाही. फ्रान्समधील प्रसिद्ध टूर दे फ्रान्स शर्यतीत गियर बदलणारे यंत्र वापरायला १९३७ साली मोकळीक मिळाली. त्याआधी शर्यत भरविणाऱ्यांना वाटे की गियर म्हणजे दुबळ्यांचा आधार. आज त्याच शर्यतीत गियरशिवाय कोणी उभाही राहत नाही. अवघड करून घेण्यात मर्दुमकी नाही.

आपण तर कष्टकरी माणसे. आपले शरीर हेच आपले भांडवल. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. त्यामागे कामगाराच्या शरीराचा विचार होता. घरकाम करणाऱ्या आपल्या ताई-मावशींना मात्र कारखान्याचा तो कायदा लागत नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. तोवर कितीजणींचे गुडघे गेले, त्याचा हिशेब कोणी ठेवला? कायद्याची लढाई चालू ठेवायचीच. पण जे आपल्या हाताने हलके करता येते, ते आजच करावे.

शेवटचा हिशेब

फ्रीव्हील १२० रुपये, चेन १५०, कारागिरांची मजुरी १००. एकूण ३७० रुपये. आधीचे बावीसचे फ्रीव्हील आम्ही आमच्या पदराला खार लावून घेतले, ते ताईंच्या हिशेबात धरलेले नाही. रिक्षाचे दहा दिवसांचेही पैसे लागले नाहीत.

वेळेचा हिशेब मुलीने केला. मिनिटाला ६० फेरे धरले तर आधी सायकल ताशी १७ किलोमीटर जाई, आता सुमारे १४. ताईंचे कामाचे ठिकाण चार किलोमीटर. म्हणजे तीन-चार मिनिटे जास्त. पण पूल पायी चढण्यात त्याहून जास्त वेळ जात होता, तो वाचला. शेवटी ताई पूर्वीपेक्षा लवकरच पोहोचतात.

गेल्या आठवड्यात त्या पुलावर आम्ही मुद्दाम उभे होतो. ताई बसल्याबसल्या, न थांबता, हळूहळू वर आल्या. आम्हाला पाहून हसल्या, पण थांबल्या नाहीत. नुसतेच म्हणाल्या, "जयभीम भाऊ, उशीर होतोय." गुडघा पूर्ण बरा झाला असे नाही. डॉक्टरांकडे जाणे चालूच आहे. पण आता चढाला कळ येत नाही, असे त्या सांगतात.

आणखी एक गोष्ट घडली, तीच आम्हाला मोठी वाटते. फ्रीव्हीलची ती चावी आम्ही विहारात ठेवली आहे. दर रविवारी वंदनेनंतर ताईंची मुलगी आणि आणखी चार-पाच मुले-मुली वस्तीतील सायकली मोजायला बसतात. पुढचे दाते किती, मागचे किती, चाक किती इंची, ते वहीत लिहितात. बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितले, ते फक्त परीक्षेपुरते नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या आपण यंत्र ओढले, यंत्र पुसले. त्यातील हिशेब मात्र दुसऱ्याने केला. तो आता नववीतली आपली मुलगी खडूने पाटीवर करते आहे.

आपल्याही वस्तीत अशी एखादी सायकल कोपऱ्यात पडली असेल. येत्या रविवारी ती बाहेर काढा, हवा भरा आणि खडू घेऊन दाते मोजा. चेनचा हिशेब मात्र विसरू नका.